रोटर माझ्या शेडमध्ये आहे, ट्रॅक्टर नाही

लिहू की नको करत दोन महिने काढले, कारण लोक हसतील ही भीती होतीच. पण परवा गावातला एक पोरगा म्हणाला की तो पण जुना मिनी ट्रॅक्टर बघतोय, एजंट चांगला आहे, सगळं सेट करून देतो, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू.

माझी तासगाव तालुक्यात शंभर गुंठे जमीन आहे, त्यातली एक एकर द्राक्षबाग. नोकरी पिंपरीत, गावाकडं आई आणि थोरले बंधू. फवारणीला आणि मधल्या पट्ट्यातल्या मशागतीला दर वेळी भाड्याचा ट्रॅक्टर बोलवायचा आणि पाऊस लागला की तो सगळ्यांनाच एकदम हवा असतो, आपला नंबर येईपर्यंत डावणी रोग पानावर दिसायला लागतो. म्हणून 2025 च्या उन्हाळ्यात ठरवलं की स्वतःचा घ्यायचा. नवीन बजेटात बसत नव्हता. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज टाकलेला पण तिथं आधी पूर्वसंमती आणि मग खरेदी असा नियम आहे, आधी घेतला तर अनुदान विसरा, आणि ते पण नवीनलाच. एवढा दम नव्हता मला. जुना बघू म्हटलं.

आता अभ्यास किती केला बघा. तीन महिने रोज रात्री व्हिडिओ. इंजिनचा एचपी वेगळा आणि पीटीओचा, म्हणजे मागं अवजार फिरवणाऱ्या दांड्याचा एचपी वेगळा, रोटर म्हणजे माती भुसभुशीत करणारं फिरतं अवजार पीटीओवर चालतं त्यामुळं 18 एचपीच्या मशीनला मागं साधारण 15 च्या आसपासच मिळतात, त्याला चार फुटी रोटर लावला तर आमच्या काळ्या रानात इंजिन दबणार आणि क्लच जाणार, तीन फुटीच पाहिजे, हे सगळं मला पाठ होतं. आमच्या बागेत दोन ओळीत आठ फूट, त्यात वेलीचे आडवे ओलांडे आणि ठिबकच्या नळ्या, म्हणून रुंदीला तीन फुटांच्या आसपासचाच पाहिजे हे पण माहीत होतं. ऑफिसात लोक मला ट्रॅक्टरतज्ज्ञ म्हणायला लागलेले.

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, एका एजंटाकडून ट्रॅक्टरचा फोटो आला. 18 एचपी, 2022 चं मॉडेल, अवर मीटरवर 640 तास, सोबत कल्टिव्हेटर आणि रोटर, सगळा सेट 2 लाख 60 हजार. शेजारच्या जिल्ह्यात त्याचं पत्र्याचं यार्ड. फोनवर त्यानंच सांगितलं, "साहेब, मिस्त्री तुमचाच आणा की, आपल्याकडं लपवायला काय नाही." मग बंधूंच्या ओळखीचा एक मिस्त्री घेऊन गेलो. तो आणि एजंट एकमेकांना "काय म्हणताय" करून भेटले तेव्हाच डोक्यात घंटी वाजायला हवी होती, नाही वाजली.

आम्ही पोचलो तर ट्रॅक्टर चालूच. "तुमच्यासाठी गरम करून ठेवलाय" म्हणे, आणि मी मनात म्हटलं किती काळजी घेतोय माणूस! जुनी गाडी थंड असताना आपल्या हातानं स्टार्ट करायची असते, कारण खरी तब्येत तेव्हाच कळते. हे मला तेव्हा माहीत असून सुचलं नाही. घरी आणल्यावर सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी बसायची आणि मग पांढरा धूर. मागचे टायर एकदम कोरे दिसत होते, एजंट म्हणाला मालकानं हौसेनं टाकलेत. अहो, 640 तास चाललेल्या ट्रॅक्टरला मागचे टायर बदलायची वेळच कशी आली? टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे, तिथं शेवटी 24 होतं. आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून लोखंड चकचकीत झालेलं. मीटर खोटं बोलतं, पेडल बोलत नाही. मिस्त्री म्हणाला, "मशीन एक नंबर आहे, डोळे झाकून घ्या." डोळे झाकूनच घेतला.

आणि मग माझं तज्ज्ञपण बाहेर आलं. रोटर चार फुटी होता. मी टेप लावून मोजला आणि चांगलं दहा मिनिटं एजंटाला पीटीओ समजावून सांगितला. तो मान हलवत ऐकत राहिला, म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखं गिऱ्हाईक वर्षात एखादं येतं. बघतो तीन फुटी कुठं मिळतोय का, पण वर 6 हजार द्यावे लागतील." सौदा 2 लाख 35 हजारावर ठरला, दुसऱ्या दिवशी तीन फुटी रोटर हजर. घरी येताना काय छाती फुगली होती सांगू.

कागद? आरसीची झेरॉक्स दिली. मूळ आरसी आरटीओत आहे, पंधरा दिवसात नावावर करून देतो म्हणाला. त्या झेरॉक्सवर खालचा भाग जरा पांढरा होता, मला वाटलं झेरॉक्सचं मशीन खराब असेल. तिथं पट्टी ठेवून झेरॉक्स मारलेली, कारण तिथंच फायनान्स कंपनीचं नाव होतं. 500 च्या स्टॅम्पवर नोटरी केली, मालकाची सही एजंटच घेऊन आला. इसार 50 हजार ऑनलाइन, तो पण तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर, बाकी रोख. ट्रॅक्टरचा नंबर मोबाईलमधल्या परिवहनच्या अ‍ॅपवर टाकला असता तर कर्ज आहे का नाही ते दोन मिनिटात दिसलं असतं. तीन महिने व्हिडिओ बघणाऱ्याला दोन मिनिटं नव्हती.

22 सप्टेंबरला ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा जीव जळला, म्हटलं महिनाभर थांबलो असतो तर नवीन पण फार लांब नव्हता. पण खरा दणका दसऱ्यानंतर. फळछाटणी झालेली, डोळे फुगून पोंग्यातून नवी फूट निघत होती, फवारणी एक दिवस चुकवायची सोय नाही, आणि सकाळी सात वाजता बांधावर चारजण. फायनान्सचे. ओळखपत्र, कर्जाचा करार, पोलिस ठाण्यात दिलेल्या पत्राची पोच, सगळं होतं त्यांच्याकडं. माझ्याकडं नोटरी. या ट्रॅक्टरचे हप्ते सहामाही होते, त्यामुळं हप्ता थकला तरी दोन महिने कुणी फिरकलं नव्हतं. बंधूंनी फवारणीचा ब्लोअर सोडवून बाजूला ठेवला आणि फायनान्सवाले ट्रॅक्टर घेऊन गेले. रोटर घरी शेडमध्ये होता म्हणून राहिला.

एजंटाचा फोन बंद, यार्डात दुसराच माणूस, म्हणतो जागा भाड्यानं घेतलीय. मिस्त्री म्हणतो मी इंजिन बघायला आलो होतो, कागद नाही. खरंय म्हणा त्याचं. तक्रार दिलीय, हेलपाटे चालू आहेत, कर्जाचा बोजा उतरून फायनान्स कंपनीची एनओसी आणि आरसीवरचं कर्ज काढायचा 35 नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नसतो हे मला आता ठाण्यातला हवालदार पण ऐकवतो.

आरसीवरच्या पत्त्यावरून मूळ मालक शोधला. गरीब माणूस. त्यानं ट्रॅक्टर विकलाच नव्हता, राहिलेले हप्ते एजंट भरेल या बोलीवर त्याच्या ताब्यात दिला होता आणि वर 40 हजार घेतलेले. नोटरीवरची सही त्याची नाहीच. दोघं ओट्यावर बसून चहा पीत एकमेकांचं ऐकत होतो. निघताना त्यानं जरा चाचरत विचारलं, "दादा, रोटर तरी हाय का तुमच्याकडं? तीन फुटी. ट्रॅक्टरसंगंच दिला होता मी त्याला."