लकव्यानंतरचा हात: आरसा लावावा की चांगला हात बांधावा?

आधी एक चाचणी करा. लुळा हात टेबलावर उपडा ठेवा, मनगटापुढचा पंजा कडेबाहेर लोंबू द्या आणि पेशंटला पंजा वर उचलायला सांगा. पंजा 20 अंशांच्या आसपास उचलला गेला, बोटंही 10 अंश उघडली, तर चांगला हात जाड मोज्यात अडकवून लुळ्याला कामाला लावायची पद्धत, म्हणजे सीआयएमटी, जमण्यासारखी आहे. काहीच हललं नाही तर मोजा घालून पेशंट फक्त वैतागतो. तिथे आरसा: त्यात दिसणारं चांगल्या हाताचं प्रतिबिंब लुळा हातच हलतोय असं भासवतं.

आरशाची जुळवाजुळव सोपी, पण चुका इथेच होतात. साधारण 45 बाय 60 सेंटीमीटरचा, कडा घासून घेतलेला आरसा टेबलावर छातीच्या मधोमध उभा धरा. चकचकीत बाजू चांगल्या हाताकडे, लुळा हात मागे लपलेला. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्याच. आरशातला हात हिरव्या बांगड्यांचा आणि मागचा मोकळा असेल, तर तो आपलाच आहे हे मनाला पटत नाही. सुरुवातीला दोन्ही हात एकाच स्थितीत ठेवा. मग चांगल्या हाताने सावकाश पालथं-उताणं, मनगट वर-खाली, मूठ उघडणं-मिटणं, अंगठा एकेका बोटाला टेकवणं. लुळ्या हातानेही तेच करायचा प्रयत्न करायचा, हलला नाही तरी चालेल. रोज 30 मिनिटं, आठवड्यातून 5 दिवस, किमान 4 आठवडे. थकवा आला तर 15-15 मिनिटांचे दोन भाग करा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते नजरेमुळे: पेशंट आरसा सोडून थेट चांगल्या हाताकडे बघत बसतो. तो हात थेट दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरला की ही सवय मोडते. घाईने जोर लावला तर लुळी मूठ आणखी आवळते. डाव्या बाजूचं भानच नसलेल्या पेशंटला आरशातलं दिसत असूनही लक्ष टिकत नाही. चक्कर किंवा मळमळ वाटली तर थांबा.

मोज्याचा हिशेब वेगळा आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एक्साइट चाचणीत, झटका येऊन 3 ते 9 महिने झालेल्या 222 जणांवर ही पद्धत तपासली. मोजा दोन आठवडे, जागेपणीच्या 90 टक्के वेळेत घालायचा होता, शिवाय कामाच्या दिवशी 6 तासांपर्यंत सराव. फायदा ठळक होता, पण एवढा वेळ देणारं माणूस घरात कुठून आणायचं? म्हणून रोज 2-3 तासांचं सौम्य रूप बहुतेकांना झेपतं: वाटीतले शेंगदाणे उचलणं, कपड्यांचे चिमटे लावणं, टॉवेलची घडी घालणं. जिना, अंघोळ आणि काठी घेऊन चालताना मोजा काढायचाच, नाहीतर पडण्याची भीती. झटक्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सरावाचा जोरदार डोस देऊ नका. 2009 च्या व्हेक्टर्स चाचणीत जास्त सराव दिलेल्या गटाची प्रगती कमी निघाली.

आरशाच्या बाजूनेही पुरावा आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात 62 अभ्यास होते आणि हाताची हालचाल व रोजची कामं दोन्हींत सुधारणा दिसली. खर्च एका काचेचा. मात्र आरसा हालचाल जागी करतो, ताटातला घास उचलायला शिकवत नाही. म्हणून बोटं थोडी उघडायला लागली की दर आठवड्याला टेबलाच्या कडेची चाचणी पुन्हा करा आणि मोज्याचं फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारा. खांदा निखळल्यासारखा लोंबत असेल किंवा हात सुजून आग होत असेल, तर आधी त्याचा इलाज.