पहिला कुंग फू सिनेमा कोणता बघायचा? जोड्या लावून सांगतो

माझा भाचा सातवीत आहे, कराटेच्या क्लासला जातो. मे महिन्याच्या सुट्टीत आला की पिशवी खाली ठेवायच्या आत विचारतो, "मामा, आज कुठला लावायचा?" गेल्या सुट्टीत त्याला 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' लावून दिला. बादल्यांचा प्रसंग संपला तसा तो उठला, स्वयंपाकघरातून लिटरलिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या आणल्या आणि दोन्ही हात आडवे ताणून उभा राहिला. थोड्याच वेळात खांदे थरथरायला लागले. बाटल्या ठेवून परत येऊन बसला आणि उरलेला सिनेमा त्याने जागचं न हलता पाहिला.

नवख्या माणसाला पहिला सिनेमा कुठला द्यावा, याचं माझं उत्तर त्या बाटल्यांत आहे. मारामारी किती वेगवान आहे यावर निवड करू नका. हात कसा तयार होतो हे ज्यात दिसतं, तो सिनेमा आधी बघा. वेळ आणि कष्ट घालून कमावलेलं कसब, हाच 'कुंग फू' या शब्दाचा मूळ अर्थ आहे. चीनमध्ये तो चहा करण्याच्या कलेलाही लावतात. आपण गवयाच्या रियाजाबद्दल किंवा पैलवानाच्या मेहनतीबद्दल ज्या आदराने बोलतो, तोच आदर त्या शब्दात आहे. ही मेहनत एकदा डोळ्यांखालून गेली, की पुढे कुठल्याही सिनेमातला ठोसा बघताना त्यामागची वर्षं दिसू लागतात.

म्हणून इथे सिनेमे जोडीजोडीने समोरासमोर ठेवतोय. जोडीतल्या दोघांत काहीतरी सामाईक आहे, त्यामुळे आपल्याला काय आवडतं हे चटकन कळतं.

१९७८ सालचे दोन: शाओलिनचा मठ की दारुडा म्हातारा?

'थर्टी-सिक्स्थ चेंबर' आणि 'ड्रंकन मास्टर'. दोन्ही हाँगकाँगचे, दोन्ही एकाच वर्षी आलेले, आणि दोन्हींची गोष्ट एकच: कच्चा तरुण गुरूकडे जातो आणि शिकतो. तरीही एकामागून एक पाहिले तर दोन वेगळ्या जगांतून फिरून आल्यासारखं वाटतं.

'थर्टी-सिक्स्थ चेंबर' शॉ ब्रदर्स कंपनीचा, दिग्दर्शक लाऊ कार-लंग. मांचू राजवटीच्या जुलमातून जीव वाचवून पळालेला एक विद्यार्थी शाओलिन मठात पोचतो आणि पुढे सान ते नावाचा भिक्षू होतो. ही भूमिका गॉर्डन लिऊ यांची. ('चांदनी चौक टू चायना' पाहिला असेल, तर त्यातला खलनायक म्हणजे हेच.) मठात शिक्षणाची पस्तीस दालनं आहेत. हा उतावीळ, थेट सगळ्यात वरच्या दालनात जायला निघतो. तिथे ज्येष्ठ भिक्षू सूत्रपठण करत बसलेले असतात, याला त्यातलं अक्षरही कळत नाही आणि तो बाहेर फेकला जातो. मग सुरुवात तळापासून.

तळाचं दालन म्हणजे जेवणाची वाट. मध्ये पाणी, पाण्यावर तरंगणारी ओंडक्यांची मोळी. तिच्यावर पाय देऊन पलीकडे उडी मारायची. मोळी फिरते, माणूस पाण्यात पडतो, ओल्या कपड्यांनी उपाशी परततो. रात्री एकटा येऊन तो पुन्हा पुन्हा पडतो, आणि मग कधीतरी ध्यानात येतं की जोर लावला की बुडायला होतं, पाय हलका ठेवायचा असतो. पुढच्या दालनात हात आडवे धरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, दंडाला खाली सुऱ्या बांधलेल्या. हात खाली आला की सुरी बरगडीत टोचते. एका दालनात लांबलचक बांबूच्या टोकाला वजन लावून, मनगटाच्या ताकदीवर घंटा वाजवायची. दुसऱ्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना जळत्या उदबत्त्या, मान हलवायची नाही, फिरत्या ज्योतीमागे फक्त डोळे फिरवायचे.

सिनेमाचा मधला मोठा भाग हाच आहे. मारामारी बघायला बसलेला माणूस इथे चुळबुळ करेल, हे आधीच सांगतो. पण लाऊ कार-लंग यांनी एकही दालन उगाच घातलेलं नाही. पुढे सान ते तीन तुकड्यांची साखळीकाठी घेऊन उभा राहतो तेव्हा मनगट, नजर आणि पाय कुठे कमावलेत हे आपल्याला पाठ असतं.

'ड्रंकन मास्टर'मध्ये तीच तालीम, पण शिक्षा म्हणून. चोवीस वर्षांचा जॅकी चॅन इथे वाँग फेइ-हुंग नावाचा उनाड मुलगा आहे. बाप वैतागतो आणि त्याला सो नावाच्या दारुड्या उस्तादाच्या हवाली करतो. दिग्दर्शक युएन वू-पिंग, आणि तो म्हातारा उस्ताद झालेत त्यांचे सख्खे वडील, युएन सिउ-तिएन. पोराला पायांनी उलटं टांगलंय. खाली पाण्याची बादली, वर रिकामं भांडं, हातात इवलेसे पेले. प्रत्येक पेल्यागणिक पोटावर जोर देऊन वर उठायचं, पाणी ओतायचं, परत खाली. आपण हसत असतो, आणि हसता हसता कळतं की हे सगळं तो खरंच करतोय.

शेवटी शिकायचे असतात आठ मद्यधुंद देवांचे आठ प्रकार. आठवी आहे देवी, बायकी हावभावांचा प्रकार, म्हणून पोरगं लाजून तो सोडून देतं. शेवटच्या लढतीत, ह्वांग जांग-ली यांच्या भयंकर लाथांसमोर, नेमकी तीच गरज पडते. न शिकलेला प्रकार त्याला उभ्या उभ्या स्वतः रचावा लागतो. विनोद आणि मारामारी एकाच हालचालीत इतक्या बेमालूम मिसळलेल्या मी दुसरीकडे क्वचितच पाहिल्यात.

आता निवड. घरात सगळे मिळून बघणार असाल, कुणी कंटाळेल अशी धास्ती असेल, तर 'ड्रंकन मास्टर'. गोष्टीचं मूळच दारूत आहे, तेव्हा लहान मुलं असतील तर सोबत बसा. एकट्याने किंवा एखाद्या मित्राबरोबर शांतपणे बघणार असाल, तर शाओलिन. माझं मत शाओलिनला, कारण तो बघितल्यावर दुसरा दुप्पट आवडतो. उलट क्रमाने तसं होत नाही.

आणि या दोघांचं नातं फक्त सालापुरतं नाही. वाँग फेइ-हुंग हा खरा माणूस होता. एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधल्या फोशानचा वैद्य आणि हुंग गार पद्धतीचा उस्ताद. 'गार' म्हणजे घर, कुटुंब. आपल्या भाषेत सरळ घराणं. त्यांचे शिष्य लाम साय-विंग, लाम यांचे शिष्य लाऊ चाम, आणि लाऊ चाम यांचे चिरंजीव म्हणजे लाऊ कार-लंग. म्हणजे जॅकी चॅनने ज्याला खोडकर पोरगं करून नाचवलं, तो लाऊ यांच्या वडिलांच्या गुरूंचा गुरू!

१९९४च्या 'ड्रंकन मास्टर २'मध्ये हे दोघे एकत्र आले. दिग्दर्शन लाऊ यांचं, पुढ्यात जॅकी. पटलं नाही; लाऊ मधेच बाहेर पडले आणि शेवटची लढत जॅकीने स्वतः बसवली. सिनेमात दोन्ही हात वेगळे दिसतात. सुरुवातीला आगगाडीखाली वाकून केलेली भाल्या-तलवारीची लढत बघा, तिथे लाऊ स्वतः आहेत आणि प्रत्येक पवित्रा घराण्याचा आहे. शेवटी केन लोच्या लाथा आणि खऱ्या निखाऱ्यांवरून सरपटणारा जॅकी. नव्याने बघायला लागलेल्यांनी हा तिसरा ठेवावा. मुरलेल्यांनी या दोन लढती लागोपाठ परत लावाव्यात. तोच वाँग फेइ-हुंग धीरगंभीर, मोडत चाललेल्या देशाकडे बघणारा असा हवा असेल, तर त्सुइ हार्क यांचा १९९१चा 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना' आहे, जेट लीसह. शिड्यांवरची लढत त्यातलीच.

एकच गोष्ट, बावीस वर्षांनी

'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) आणि 'फिस्ट ऑफ लेजंड' (१९९४). गोष्ट शांघायची: गुरू हुओ युआन्जिया यांचा मृत्यू होतो, शिष्य चेन झेन परत येतो, संशय जपान्यांवर. गुरू इतिहासातले, शिष्य कल्पनेतला.

ब्रूस लीचा चेन झेन म्हणजे नुसता संताप. बागेच्या दारावरची 'कुत्रे आणि चिनी यांना प्रवेश नाही' ही पाटी तो लाथेने फोडतो, तेव्हा परक्यांच्या राज्यात राहिलेल्या कुठल्याही देशातल्या माणसाच्या पोटात काहीतरी हलतं. लढाईचं तंत्र साधं आहे, कथा सरधोपट आहे, पण मधे ब्रूस ली आहे. त्याचा चेहरा थरथरतो ना, तिथून नजर हटत नाही.

जेट लीचा चेन झेन जपानमध्ये शिकलेला, एका जपानी मुलीवर प्रेम करणारा. इथे जपानी माणसांतही सज्जन आहेत. यासुआकी कुराता यांच्या वयस्क जपानी उस्तादाबरोबरची मोकळ्या माळावरची लढत ही मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत सभ्य लढत वाटते. दोघे एकमेकांकडून शिकत शिकत लढतात. नृत्यदिग्दर्शनासारखं लढाई बसवण्याचं काम युएन वू-पिंग यांचं, म्हणजे वरच्या 'ड्रंकन मास्टर'वालेच.

एकच बघायचा तर जेट लीचा बघा. दोन्ही बघणार असाल तर मात्र ब्रूस लीचा आधी, नाहीतर तो जुनाट वाटेल आणि अन्याय होईल.

आणि 'एंटर द ड्रॅगन'?

आपल्याकडे कुंग फू म्हटलं की हेच नाव पुढे येतं. १९७३च्या जुलैत, बत्तिसाव्या वर्षी ब्रूस ली गेला आणि त्यानंतर हा झळकला. आरशांच्या खोलीतला शेवट अजूनही डोळ्यांपुढून जात नाही. पण पहिला सिनेमा म्हणून मी तो देत नाही. त्यात ब्रूस लीला तोडीस तोड असा कुणी नाही, त्यामुळे लढाया सुरू होतात आणि संपतात.

त्याऐवजी त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला १९७२चा 'वे ऑफ द ड्रॅगन' घ्या. पूर्वार्ध बाळबोध आहे, धीर धरा. शेवटी रोमच्या कोलोसियममध्ये समोर चक नॉरिस. दोघे लढण्याआधी निवांत अंग मोकळं करतात, बोटं मोडतात. एक मांजराचं पिल्लू बघत असतं. ब्रूस ली सुरुवातीला मार खातो. मग उठतो आणि लय बदलतो, जागेवर न थांबता पाय नाचते ठेवतो. लढाई तिथेच फिरते. हे बदलणं ज्याला दिसलं, त्याला ब्रूस ली कळला.

विंग चुन या कुंग फू पद्धतीची जोडी

आजच्या कॉलेजातल्या पोरापोरींना कुठलाही जुना सिनेमा नको असेल तर २००८चा 'इप मॅन' द्या, डॉनी येनचा. चकचकीत, ताणून बसवणारा. दहा कराटेपटूंशी एकट्याने लढण्याचा प्रसंग बघून पोरं ओरडतात. इप मॅन हे ब्रूस लीचे खरे गुरू. सिनेमातल्या घटना मात्र इतिहास म्हणून घेऊ नका.

पण माझं मन 'द प्रॉडिगल सन'मध्ये (१९८१) आहे. श्रीमंताचा लाडावलेला मुलगा स्वतःला गावातला पहिल्या नंबरचा लढवय्या समजतो, कारण बाप प्रतिस्पर्ध्यांना गुपचूप पैसे देऊन हरायला लावत असतो. एक दिवस गाठ पडते ती फिरत्या ऑपेरा मंडळीतल्या स्त्रीपार्टी नटाशी. लाम चिंग-यिंग यांची ही भूमिका: पातळ भुवया, दम्याची धाप, आणि हात असे की समोरच्याला लागलेलं दिसतच नाही. संगीत नाटकाच्या कंपन्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे पात्र परकं वाटणार नाही.

मुलगा आहे युएन बियाओ, भूमिकेचं नाव लिउंग जान. हाही इतिहासातला: लिउंग जान यांचे शिष्य चान वा-शुन, आणि चान यांचे शिष्य इप मॅन. १९८१चा सिनेमा दिग्दर्शित केला सॅमो हंग यांनी, आणि २००८च्या 'इप मॅन'मधल्या लढायाही त्यांनीच बसवल्या. आधी 'इप मॅन' पाहून आवडला, तर लगेच मागे जाऊन 'प्रॉडिगल सन' बघा.

उडणारे

तारांच्या आधाराने झाडाच्या शेंड्यावर जाणारी माणसं कुंग फूपेक्षा तलवारबाजांच्या कथांमधली. अँग ली यांच्या २०००च्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'ला चार ऑस्कर मिळाली. बांबूच्या वनातला प्रसंग खरोखर सुंदर आहे. मारामारी नको म्हणणाऱ्या जोडीदाराला सोबत बसवायचं असेल तर हाच. त्यातली दुष्ट म्हातारी जेड फॉक्स म्हणजे चेंग पेइ-पेइ. १९६६च्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये त्या खाणावळीत एकट्या बसलेल्या, गुंडांनी फेकलेली नाणी लीलया अडवणाऱ्या तरुण नायिका होत्या. जमलं तर एका आठवड्यात दोन्ही बघा.

लावण्याआधी

हाँगकाँगचे जुने सिनेमे आवाजाशिवाय चित्रित होत आणि संवाद नंतर भरले जात. त्यामुळे मूळ चिनी आवाजातही ओठ जुळत नाहीत. तुमची प्रत बिघडलेली नाही. इंग्रजी डबिंगपेक्षा मूळ आवाज आणि सबटायटल घ्या, विशेषतः 'फिस्ट ऑफ लेजंड' आणि 'ड्रंकन मास्टर २'साठी, कारण अमेरिकेतल्या आवृत्त्यांना कात्री लागली आहे. शॉ ब्रदर्सचे सिनेमे रुंद पडद्यासाठी काढलेले. चौकोनी प्रत मिळाली तर सोडून द्या, कारण कडेचा माणूस कापला जातो आणि लाथ कुठून आली तेच कळत नाही. आणि कृपा करून मोबाइलवर नको. त्या ओंडक्यांच्या मोळीवर पाय कुठे पडतो, हे दिसायला हवं.