फक्त गन, एकास एक: डीसीएसच्या डॉगफाइट नियमावलीचा आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या संगणकीय सिम्युलेटरवर एकास एक डॉगफाइटच्या (जवळून होणाऱ्या हवाई लढतीच्या) स्पर्धा भरवणाऱ्यांकडे जी नियमावली फिरत असते, ती थोड्याफार फरकाने एकच आहे. दहा हजार फूट, साडेतीनशे नॉट, दोघांनाही निम्मं इंधन, डावी बाजू डाव्या बाजूला ठेवून मर्ज (म्हणजे समोरासमोर येऊन एकमेकांना ओलांडणं), त्याआधी वळायचं नाही, समोरासमोर गोळीबार नाही, पाचशे फुटांचा हार्ड डेक (ज्याच्या खाली उतरायचं नाही अशी उंची) आणि दीडशे मिलिसेकंदांच्या वर पिंग (माहितीला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) असेल तर प्रवेश नाही. मिसाइल नाहीत, फक्त गन. ही नियमावली आठ महिने चालवून पाहिल्यावरचं हे मत आहे. दोन्ही खेळाडूंचं विमान एकच असेल, तर ती बऱ्यापैकी चालते. विमानं वेगळी असली की तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ‘समान’ अट कुणा एकाच्या बाजूला झुकते. शिवाय यातले निम्मे नियम असे आहेत की ते मोडले की नाही हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. भांडणं होतात ती त्यावरूनच.

आधी इंधन, कारण तिथे चूक सगळ्यात उघड आहे. एफ-१६च्या आतल्या टाक्यांत साधारण सात हजार पौंड बसतं, हॉर्नेटच्या (एफ/ए-१८) टाक्यांत पावणेअकरा हजारांच्या आसपास. दोघांना ५० टक्के दिलं तर एकाकडे साडेतीन हजार आणि दुसऱ्याकडे पाच हजार चारशे. समुद्रसपाटीजवळ पूर्ण आफ्टरबर्नरवर दोन्ही विमानं मिनिटाला ढोबळमानाने हजार पौंड पितात. म्हणजे एफ-१६वाला साडेतीन मिनिटांत कोरडा आणि हॉर्नेटवाल्याकडे अजून दोन मिनिटं शिल्लक. उलट बाजूने पाहिलं, तर हॉर्नेट ते जादा वजन प्रत्येक वळणात ओढत असतो. टक्केवारी समान ठेवून यातलं काहीच समान होत नाही. इंधन मिनिटांत मोजायला हवं. स्पर्धेच्या उंचीवर, स्पर्धेच्याच मिशनमध्ये, पूर्ण आफ्टरबर्नरवर चारशे नॉटचं सलग वळण दोन मिनिटं धरायचं, किती इंधन गेलं ते टिपायचं आणि त्यावरून सहा मिनिटांचं इंधन अधिक एक हजार पौंड, असा आकडा प्रत्येक विमानासाठी वेगळा काढायचा. तोच मिशन एडिटरमधल्या (जिथे लढतीची मांडणी करतात तिथल्या) इंधनाच्या स्लायडरवर बसवायचा आणि खेळाडूंना थेट हवेत सुरुवात द्यायची, म्हणजे जमिनीवर कुणी इंधन कमी-जास्त करू शकत नाही.

सुरुवातीच्या वेगाचंही तेच. साडेतीनशे नॉट हा हॉर्नेटच्या सोयीचा वेग आहे. एफ-१६ला टिकाऊ वळणासाठी चारशेतीस-साडेचारशेच्या आसपास राहायचं असतं, त्यामुळे तो पहिल्याच वळणात ऊर्जेच्या तोट्यात उतरतो. एकच वेग सक्तीचा करण्याऐवजी साडेचारशेची वरची मर्यादा ठेवावी आणि मर्जपर्यंत ज्याने त्याने आपला वेग निवडावा. आकडे दोन्ही एककांत छापावेत, कारण सुखोई-२७ आणि मिग-२९च्या कॉकपिटमध्ये मीटर आणि किलोमीटर असतात: दहा हजार फूट म्हणजे ३०४८ मीटर, साडेचारशे नॉट म्हणजे ताशी ८३३ किलोमीटर.

आता गन. या नियमावलीतला सगळ्यात अन्यायकारक भाग इथे आहे, आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही.

एफ-१६ आणि हॉर्नेट या दोघांकडे २० मिलिमीटरची सहा नळ्यांची व्हल्कन गन आहे. मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर गोळे. एफ-१६कडे ५१०च्या आसपास गोळे असतात, हॉर्नेटकडे ५७८. मिग-२९ आणि सुखोई-२७ यांच्याकडे ३० मिलिमीटरची एकनळी गन, गोळे फक्त दीडशे, आणि वेग सेकंदाला पंचवीस ते तीस. ‘पाचशे विरुद्ध दीडशे’ म्हणून आरडाओरड होते, पण तो मुद्दा चुकीचा आहे. ट्रिगर दाबून धरला तर चौघांचाही साठा साधारण पाच ते सहा सेकंदांत संपतो. सेकंदाला बाहेर पडणारं वजनही जवळपास सारखं आहे: २० मिलिमीटरचा गोळा सुमारे शंभर ग्रॅमचा, ३० मिलिमीटरचा ३९० ग्रॅमचा, म्हणजे दोन्हीकडे सेकंदाला दहा-अकरा किलो. फरक पडतो तो निकाल कसा लावता त्यात. ‘पहिला गोळा ज्याचा लागेल तो जिंकला’ असा नियम असेल, तर चपळ लक्ष्यावर अर्ध्या सेकंदाची संधी मिळाल्यावर व्हल्कनवाला पन्नास गोळे उधळतो आणि मिगवाला बारा-पंधरा. एक तरी लागण्याची शक्यता कुणाची जास्त, हे सांगायला नको. आणि ‘विमान पडेपर्यंत’ असा नियम असेल तर पारडं उलट फिरतं, कारण ३० मिलिमीटरच्या दोन-तीन गोळ्यांत पंखच जातो, तर २० मिलिमीटरचे सहा-सात खाऊनही समोरचा लढत राहतो.

वजनाच्या हिशोबाने २० मिलिमीटरचे चार गोळे म्हणजे ३० मिलिमीटरचा एक. सर्व्हरवरच्या लुआ स्क्रिप्टमध्ये हिट इव्हेंट (गोळा लागल्याची नोंद) मोजता येतो, त्यामुळे ‘चार किंवा एक’ हा उंबरठा आपोआप लावता येतो. हा बदल केल्यावर मिश्र सामन्यांतली कुरबूर जेवढी कमी झाली, तेवढी दुसऱ्या कुठल्याच बदलाने झाली नाही. एक सावधगिरी मात्र हवी. इव्हेंटमधलं हत्याराचं नाव विमानागणिक वेगळं येतं, कधी रिकामंही येतं. त्यामुळे स्क्रिप्टने गोळ्याच्या नावावर विसंबू नये, मारणाऱ्या विमानाच्या प्रकारावर विसंबावं.

समोरासमोरच्या गोळीबाराची बंदी योग्य आहे, कारण तिच्याविना सगळी स्पर्धा पहिल्या क्रॉसच्या जुगारावर येते. फक्त ‘समोरासमोर’ म्हणजे काय ते अंशांत लिहायला हवं. लक्ष्याच्या शेपटीपासून मोजलेला कोन १३५ अंशांपेक्षा जास्त असताना मारलेला गोळा धरायचा नाही, एवढं पुरे. स्क्रिप्टला गोळीबार सुरू झाल्याचा क्षण मिळतो, त्या क्षणाचा कोन टॅकव्ह्यूमध्ये (उड्डाणाची नोंद पुन्हा पाहायच्या प्रोग्राममध्ये) दिसतो. वादाला जागा राहत नाही.

‘मर्जआधी वळायचं नाही’ हा नियम जसा लिहिलाय तसा निरुपयोगी आहे. चारशे नॉटने समोरासमोर येणारी दोन विमानं सेकंदाला ४१० मीटरने जवळ येतात. पाव सेकंद आधी कांडी (स्टिक) ओढली की शंभर मीटरचा फायदा, आणि तो पाव सेकंद डोळ्यांनी पकडणारा पंच अजून जन्मायचा आहे. त्यात प्रत्येकाच्या पडद्यावर क्रॉस होण्याचा क्षण थोडा वेगळा. त्यामुळे मोजता येईल असं लिहावं: दोघांतलं अंतर वाढायला लागेपर्यंत कुणाचाही हेडिंग (नाकाची दिशा) १५ अंशांपेक्षा जास्त बदललेला नको. त्याच्या आत कुणी थोडी आघाडी घेतली तर घेऊ द्यावी.

हार्ड डेकचं तत्त्व बरोबर आहे, पण तो राबवताना हमखास एक चूक होते. उंची तपासणारी स्क्रिप्ट सेकंदाला एकदा चालवतात. मिनिटाला तीस हजार फुटांनी खाली येणारं विमान एका सेकंदात १५२ मीटर उतरतं, म्हणजे नेमके पाचशे फूट. आणि डेक निसटता ओलांडणारं विमान दोन तपासण्यांच्या मध्ये परत वरसुद्धा येऊ शकतं, आणि मग दुसऱ्याने पाहिलेलं असूनही नोंद नाही. तपासणी ०.२ सेकंदाला एकदा ठेवा, सर्व्हरवर भार पडत नाही. लढत काळ्या समुद्रावर घ्या, बतुमी किंवा कोबुलेतीच्या किनाऱ्यापासून दूर. तिथे समुद्रसपाटीपासूनची आणि जमिनीपासूनची उंची एकच असते, डोंगराचा प्रश्न येत नाही. कॉकेशसचा नकाशा फुकट आहे, ही आणखी एक सोय. वारा शून्य, तापमान १५ अंश, दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर ठेवा, नाहीतर टॅकव्ह्यूने काढलेला वेग आणि कॉकपिटमधला वेग जुळत नाही. वेळ जूनमधल्या दुपारची आणि सुरुवात पूर्व-पश्चिम, म्हणजे सूर्य कुणाच्याच नाकासमोर येत नाही. प्रत्येक फेरीनंतर बाजू बदलायचीच.

पिंगबद्दल जरा सविस्तर, कारण या एका ओळीने भारतातले खेळाडू दारातूनच परत पाठवले जातात. पुण्या-मुंबईहून युरोपातल्या सर्व्हरला १३० ते १८० मिलिसेकंद लागतात. दीडशेची मर्यादा म्हणजे बऱ्याच जणांना थेट नकार. या मर्यादेमागचं गणित तपासलं तर ती उभीच राहत नाही. तुमच्या विमानाची माहिती आधी सर्व्हरला जाते, मग समोरच्याला. म्हणजे दोघांमधला उशीर हा दोघांच्या पिंगच्या अर्ध्या-अर्ध्या वाट्यांची बेरीज असतो, आणि ती बेरीज दोघांसाठी सारखीच असते. १५० आणि २० असेल तर दोघेही एकमेकांना ८५ मिलिसेकंद जुनं पाहतात. पिंगमुळे एकट्याला फायदा होत नाही.

तो जुनेपणाही पडद्यावर जसाच्या तसा दिसत नाही. प्रोग्राम शेवटच्या माहितीवरून विमान पुढे ढकलत असतो. सरळ उडणाऱ्या विमानाच्या बाबतीत ही ढकल जवळपास अचूक येते, चूक होते ती वळणातल्या त्वरणापुरती. ८ जीच्या (गुरुत्वाच्या आठपट त्वरणाच्या) वळणात ८५ मिलिसेकंदांची चूक तीस सेंटिमीटरही भरत नाही, २०० मिलिसेकंदांना दीड मीटर. एफ-१६ पंधरा मीटर लांब आहे. आता माहितीच एक सेकंद आली नाही असं धरा. तेवढ्यात चूक ३९ मीटरवर जाते, विमान हवेत उडी मारतं आणि त्याच्यावर नेम धरणं अशक्य होतं. अन्याय इथे होतो. त्यामुळे मर्यादा पिंगवर नको, पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी माहिती) आणि पिंगच्या चढउतारावर हवी. सामन्याआधी पाच मिनिटं सलग पिंग चालवावी. एक टक्क्याहून जास्त पॅकेट हरवत असतील किंवा पिंग पन्नास मिलिसेकंदांहून जास्त हेलकावत असेल, तर सामना पुढे ढकलावा. वायफायवर खेळणारा वीस पिंगवाला शेजारी हा केबलवरच्या एकशेसत्तर पिंगवाल्यापेक्षा कितीतरी त्रासदायक असतो. राउटरलाही इन्व्हर्टरची लाइन हवी. संगणक यूपीएसवर आणि राउटर भिंतीच्या सॉकेटवर, ही चूक आपल्याकडे फार घरांत होते.

पुराव्याच्या बाबतीत सर्व्हरच्या सेटिंग्जमध्ये एक जागा फार महत्त्वाची आहे. ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट चालू राहिला, तर खेळाडूचा संगणक सगळ्या विमानांची जागा बाहेरच्या प्रोग्रामला देऊ शकतो, म्हणजे शेजारच्या पडद्यावर जिवंत रडार. तो बंद करा, सेन्सर एक्स्पोर्टही बंद करा, फक्त स्वतःच्या विमानाचा एक्स्पोर्ट चालू ठेवा. मग प्रत्येकाच्या टॅकव्ह्यूमध्ये त्याचं एकट्याचंच विमान नोंदलं जातं, पण नेमकं, वेग आणि जीसकट. सामन्यानंतर दोघांच्या फाइल्स घेऊन टॅकव्ह्यूमध्ये एकत्र करायच्या आणि सर्व्हरच्या नोंदीशी ताडून पाहायच्या. डीसीएसची ट्रॅक फाइल (सामन्याचं रेकॉर्डिंग) पुरावा म्हणून धरू नये. मल्टिप्लेअरची लांब ट्रॅक पुन्हा चालवताना भलतीकडे जाऊ शकते.

याच नोंदीमुळे हॉर्नेटच्या स्टिकवरच्या पॅडल स्विचचा प्रश्नही सुटतो. तो दाबला की ७.५ जीची मर्यादा १०पर्यंत जाते. ‘पॅडल वापरू नये’ असं लिहून काही होत नाही, कोण कधी दाबतोय ते दिसत नाही. त्याऐवजी ‘८ जीच्या वर सलग एक सेकंद नको’ असं लिहिलं की खेळाडूच्या स्वतःच्या फाइलमध्ये ते वाचता येतं. हॉर्नेट विरुद्ध हॉर्नेट असेल तर खुशाल मोकळं सोडावं.

व्हीआर (डोळ्यांवरचा हेडसेट) आणि ट्रॅकआयआर (डोक्याची हालचाल टिपणारं उपकरण) यांच्यात समानता आणायच्या भानगडीत पडू नये. ट्रॅकआयआरवाला मान थोडी वळवून शेपटीमागे पाहतो, व्हीआरवाल्याला खरोखर मान मोडावी लागते, पण त्याला अंतराचा अंदाज चांगला येतो. विमानांवरची लेबलं, बाहेरचे कॅमेरे, नकाशावरची विमानं बंद ठेवा, इंटिग्रिटी चेक (खेळाच्या फाइल्समध्ये फेरफार नाही ना, ही तपासणी) चालू ठेवा, बस.

टकरीचा नियम बहुतेक ठिकाणी ‘दोघेही बाद’ असा असतो. हरत चाललेल्याला तो सरळ आमंत्रण आहे. मागून पाठलाग करणाऱ्यावर अंतर राखायची जबाबदारी टाकावी. फक्त मर्जच्या वेळी ज्याचा हेडिंग बदलला तो दोषी. खऱ्या हवाई दलांच्या सरावात दोन विमानांमध्ये पाचशे फुटांचा बुडबुडा ठेवतात. इथे तेवढा नको, दोनशे पुरे.

अपडेटची अडचण नियमावलीत कुठेच नसते. पूर्वी डीसीएसच्या स्टेबल आणि ओपन बीटा अशा दोन आवृत्त्या असत, आता एकच आहे. त्यामुळे सीझनच्या मध्यावर एखाद्या विमानाचं उड्डाणच बदलू शकतं. गटातले सगळे सामने एकाच आवृत्तीत संपवावेत, आणि नवं अपडेट आलं की इंधनाची दोन मिनिटांची मोजणी पुन्हा करावी.

राहिलं वेळापत्रक. मध्य युरोपातले संध्याकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. पाच फेऱ्यांचा सामना दीड तास चालतो. पहाटे दोनला पाचवी फेरी खेळणारा आणि रात्री साडेनऊला खेळणारा यांना एकच नियम लावला जातो. शनिवारी युरोपातली दुपारी तीनची वेळ ठेवली, तर इथे साडेसहा-साडेसात होतात आणि दोघांचाही दिवस मोडत नाही.