प्रोजेक्ट झॉम्बॉइड: कुऱ्हाडीच्या आधी मासिक शोधा

झॉम्बीचा गेम म्हटला की लोकं पहिले विचारतात बंदुका किती आहेत. प्रोजेक्ट झॉम्बॉइडमधे बंदुका भरपूर आहेत, पण माझ्या मते या गेमची खरी जान त्याच्या रेसिपींमधे आहे, म्हणजे कोणती वस्तू कशापासून बनते, ते तुमच्या कॅरेक्टरला येतं का, आणि येत नसेल तर ते शिकायचं कुठून. द इंडी स्टोन नावाच्या टीमनं बनवलेला हा गेम स्टीमवर (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) 2013 पासून अर्ली ॲक्सेसमधे आहे, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला ठेवलेला. आम्ही नागपूरची काही मित्रं, कोणी त्रिमूर्तीनगरचा, कोणी वर्धमाननगरचा, बरेच दिवसांपासून हा एकत्र खेळून राहिलो आहोत, तर म्हटलं जरा नीट लिहावं.

सगळ्यात भारी उदाहरण जनरेटरचं. गेम सुरू होतो 9 जुलै 1993 ला, अमेरिकेतल्या केंटकीमधे. डिफॉल्ट सेटिंगमधे पहिल्या महिनाभरात कधीतरी लाइट जाते आणि नळही बंद पडतो, नक्की कधी ते कळत नाही. मग फ्रिजमधलं मटण सडायला लागतं. आता तुमच्यासमोर जनरेटर पडलेला आहे, हातात पेट्रोलचा कॅन आहे, तरी "हाऊ टू यूज जनरेटर्स" हे मासिक वाचल्याशिवाय तो घराला जोडताच येत नाही! इलेक्ट्रिशियन म्हणून खेळ सुरू केला तर ते आधीपासून येतं, बाकीच्यांनी शोधत फिरायचं. मला हे जाम पटलं बावा. आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीत लाइट गेल्यावर इन्व्हर्टरची वायरिंग समजणारा माणूस जसा अख्ख्या बिल्डिंगला हवा असतो तसंच आहे हे, वस्तूपेक्षा माहिती महाग. आणि हो, जनरेटर घराच्या आत चालवायचा नाही, धुरानं कॅरेक्टर आजारी पडून मरतं, बाहेर अंगणात ठेवायचा.

नवीन लोकांचा एक गोंधळ होतो तो सांगतो. पुस्तकं आणि मासिकं वेगवेगळी आहेत. सुतारकामाचं पुस्तक वाचलं म्हणून सुतारकाम येत नाही, त्यानं फक्त पुढचं काम करताना मिळणारा एक्सपी (अनुभवाचे पॉइंट, त्यानंच कौशल्य वाढतं) वाढतो, म्हणून आधी वाचायचं आणि मगच हातोडा-करवत घेऊन लोकांच्या घरातले सोफे-कपाटं फोडायला सुरुवात करायची. मासिक मात्र थेट रेसिपी देतं. मासेमारीचं वाचलं की गळ बनवता येतो, स्वयंपाकाचं वाचलं की केकचं पीठ, हर्बलिस्टचं वाचलं की जंगलातली विषारी बेरी ओळखू येते, गाड्यांच्या मॅन्युअलचे तर तीन भाग आहेत, साध्या गाडीचा वेगळा, कमर्शियलचा वेगळा, स्पोर्ट्सचा वेगळा. म्हणून नवीन शहरात शिरलो की मी पोलीस स्टेशनकडे नंतर जातो, आधी पुस्तकाचं दुकान, लायब्ररी, शाळा आणि रस्त्यावरच्या टपालपेट्या. टपालपेट्या लोकं बघतच नाहीत, काहून माहीत नाही, मासिकं तिथेपण निघतात.

मल्टिप्लेअरमधे हे अजून रंगतं, कारण वाचलेलं ज्याचं त्याच्याजवळच राहतं. मासिक वाचून झालं की ते पुढच्याला द्यायचं, आमच्यात तर रात्री बेसवर बसून सगळे फक्त वाचून राहिलेले असतात आणि एकजण दारावर पहारा देतो.

आता टेस्टिंगचं. कितीही व्हिडिओ पाहा, मोठ्या सेव्हमधे (बरेच दिवस चालू असलेल्या खेळात) नवीन रेसिपी वापरायच्या आधी ती वेगळ्या जगात करून बघावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण इथे मेलं की ते कॅरेक्टर कायमचं गेलं. सँडबॉक्समधे, म्हणजे सगळ्या सेटिंग आपल्या हातात असलेल्या मोडमधे, नवीन जग बनवायचं, झॉम्बी बंद, सामान भरपूर, आणि एकावेळी एकच गोष्ट बदलून बघायची. अजून खोलात जायचं असेल तर स्टीमच्या लाँच ऑप्शनमधे -debug लिहायचं, मग वस्तूंची पूर्ण यादी उघडते आणि पाहिजे ते समोर आणता येतं. फक्त बिल्ड चीट चालू ठेवू नका, त्यात सामान न लागताच भिंती उभ्या राहतात मग टेस्ट कशाची केली तेच कळत नाही. बिल्ड 41 (गेमची 41 नंबरची आवृत्ती) मधे तर रेसिपी साध्या टेक्स्ट फाइलमधे लिहिलेल्या आहेत, गेमच्या मीडिया फोल्डरमधे स्क्रिप्ट्स, नोटपॅडमधे उघडून वाचता येतात, कोणती वस्तू खर्च होते आणि कोणती नुसती हातात लागते ते तिथे स्वच्छ दिसतं. मॉड (खेळाडूंनी स्वतः गेममधे केलेले बदल) बनवायचं मनात असेल तर अभ्यास इथूनच सुरू करा.

बिल्ड 42 डिसेंबर 2024 मधे अनस्टेबल, म्हणजे अजून पक्का न झालेला, म्हणून आला आणि त्यात क्राफ्टिंग जवळपास नव्यानं बांधलंय. लोहारकाम, मातीची भांडी, गाई-कोंबड्या पाळणं, घरांखाली तळघरं. अनस्टेबल म्हणजे खेळणारा प्रत्येकजण टेस्टरच झाला, आणि हे टीमनं आधीच सांगितलेलं आहे, त्यामुळे तुटक्या गोष्टी दिसल्या तर चिडण्यापेक्षा नेमकं काय केल्यावर झालं ते लिहून कळवावं, त्यानंच गेम सुधारतो. माझी तक्रार वेगळी आहे. रेसिपींची यादी एवढी लांब झाली आहे की एक साधी वस्तू बनवायला आधी दुसरी, तिच्याआधी तिसरी, आणि या साखळीत पहिली कडी कुठे आहे ते शोधण्यातच संध्याकाळ जाते. लोहारकाम मला आवडलं, खरंच आवडलं, पण एकट्यानं खेळणाऱ्याला ते फार जड आहे, चार माणसांत कामं वाटून घेतली तरच मजा येते.

गेम वरून तिरका दिसणारा असल्यामुळे फार महागडा पीसी लागत नाही, मोठी झुंड अंगावर आली की मात्र साधा लॅपटॉप दमतो, आपल्या उन्हाळ्यात तर खाली कूलिंग पॅड ठेवाच.

घ्यावा का? नक्की घ्या, सेल लागला की लगेच. सुरुवात 41 वर करा. ते अंगात मुरलं की स्टीममधे गेमच्या प्रॉपर्टीजमधून बीटामधे जाऊन 42 निवडा, पण 41 चं सेव्ह तिकडे चालत नाही, जग नवीनच बनवावं लागतं. आणि टेस्टच्या जगात पहिले 41 ची दोन कामं करून बघा, झाडाची फांदी चाकूनं तासून भाला, आणि छतावर पावसाच्या पाण्याचं पिंप ठेवून खालच्या सिंकला पाइप रेंचनं जोडणं. पिंपातलं पाणी थेट प्यायलं तर कॅरेक्टर आजारी पडतं, सिंकमधून आलं तर चालतं.