इंटरफेरॉन-गॅमा मागवताय? इ. कोलायचं घ्यावं की मानवी पेशींतलं?

वनस्पतींच्या अर्काने दाह कमी होतो का, या विषयावर मराठवाड्यात बरीच मुलं पीएच.डी. करतात. उंदराच्या रॉ २६४.७ या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींना इंटरफेरॉन-गॅमा, म्हणजे त्यांना चेतवणारं रोगप्रतिकारक प्रथिन, द्यायचं, अर्क घालायचा आणि पेशींनी सोडलेलं नायट्रिक ऑक्साइड दाखवणाऱ्या ग्रीस अभिकर्मकाचा गुलाबी रंग किती फिका पडतो ते पाहायचं. कोटेशनं मागवली की मात्र दोन प्रकार समोर येतात: इ. कोलाय जिवाणूत बनवलेलं, आणि एचईके-२९३ या मानवी पेशींत बनवलेलं. दुसरं बरंच महाग असतं.

महाग म्हणजे खरं, हा समज आधी सोडा. आपल्या शरीरातल्या इंटरफेरॉन-गॅमावर दोन जागी साखरेच्या साखळ्या असतात. एचईके पेशी त्या जोडतात, इ. कोलाय जोडत नाही. पण पेशीवरच्या रिसेप्टरला धरायला त्या साखळ्या लागत नाहीत. प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटिएजपुढे हे प्रथिन जास्त टिकावं, हा त्यांचा मुख्य उपयोग. अमेरिकेत १९९० साली मंजूर झालेलं इंटरफेरॉन गॅमा-१बी हे औषधही इ. कोलायमध्येच बनतं. प्लेटमधल्या २४ तासांच्या प्रयोगाला जिवाणूतलं प्रथिन पुरेसं आहे. प्राण्यांना टोचून ते रक्तात किती टिकतं हे पाहायचं असेल, तर मात्र एचईकेचे पैसे मोजावेत.

खरी गोम एंडोटॉक्सिनमध्ये आहे. इ. कोलायच्या आवरणातलं एलपीएस, म्हणजेच हे एंडोटॉक्सिन, प्रथिनासोबत थोडंफार येतं. मॅक्रोफेज त्याला फार हळवे असतात, आणि इंटरफेरॉन-गॅमासोबत आलं की नायट्रिक ऑक्साइड कितीतरी पटींनी वाढतं. मग अर्काने नक्की काय दाबलं, इंटरफेरॉनचा परिणाम की एलपीएसचा, हे सांगता येत नाही. तीन वर्षांचं काम अशा शंकेवर उभं राहू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून कुपीसोबतच्या प्रमाणपत्रात एंडोटॉक्सिनचा आकडा बघा. प्रति मायक्रोग्रॅम १ ईयूपेक्षा (एंडोटॉक्सिन मोजायचं एकक) कमी ही नेहमीची हमी, मॅक्रोफेजसाठी ०.१ ईयूच्या आतलंच घ्या. एचईकेच्या कुपीलाही हीच अट लावा, कारण एंडोटॉक्सिन पाण्यातून आणि हाताळणीतूनही शिरतं.

आपल्याच प्रयोगशाळेत करण्याजोगी पडताळणीही आहे. थोडं द्रावण ९५ अंशांवर उकळून पेशींना द्या. प्रथिन निकामी होतं, एलपीएस तगून राहतं. तरीही रंग आला, तर ती कुपी बाजूला ठेवा.

प्रजातीत तडजोड नको. रॉ पेशींना उंदराचं, टीएचपी-१ या माणसाच्या पेशींना मानवी. मानवी इंटरफेरॉन-गॅमा उंदराच्या पेशींवर चालत नाही. परभणी-उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत गाईच्या पेशींवर काम असेल, तर गाईचंच मागवा.

बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलेलं की बिनाबीएसए? पेशींना द्यायला घातलेलं बरं, विरळ प्रथिन प्लास्टिकला चिकटून वाया जात नाही. रंगद्रव्य जोडायचं असेल तर बिनाबीएसए.

आपल्याकडचा उन्हाळा आणि लोडशेडिंग पाहता फ्रीझ-ड्राइड पावडरच घ्या, तीही लहान कुप्यांत. उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, विरघळवल्यावर लगेच अ‍ॅलिकॉट करा, म्हणजे लहान वाट्यांत विभागून ठेवा. वारंवार गोठवलं-वितळवलं की ताकद जाते.

मागणीपत्रात प्रजाती आणि एंडोटॉक्सिनची मर्यादा स्पष्ट लिहा, नाहीतर तुलनात्मक तक्त्यात सर्वांत स्वस्त कोटेशन मंजूर होतं. पार्सल सोमवारी-मंगळवारी निघेल, हेही पुरवठादाराकडून कबूल करून घ्या. शुक्रवारी निघालेलं रविवारी पोचतं आणि विभागाला कुलूप असतं.