नेब्रास्काच्या सँडहिल्समधला रँच स्टे: जायचं तर मार्चमध्येच जा

घाईत असाल तर आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार स्टार, आणि अर्धा कापलाय तो रँचवाल्यांसाठी नाही, ज्या बुकिंग साईटवरून घेतलं तिच्यासाठी. त्याबद्दल शेवटी लिहिते. रँचचं, म्हणजे गुरं पाळायच्या त्या मोठ्या शेताचं, नाव मुद्दाम देत नाहीये, नवरा-बायको आणि एक मुलगा एवढ्यांच्या जिवावर सगळं चालतं आणि मार्चमध्ये त्यांना फोन उचलायलाही सवड नसते. चेरी काउंटीत असे घरगुती रँच स्टे बाकीचेही आहेत, आणि खाली लिहिलेलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

आम्ही ओमाहाला राहतो, सासरे कोल्हापूरहून आलेले, तिकडे त्यांच्या घरी कायम जनावरं, वर्षानुवर्षं गोकुळला दूध घातलेलं. त्यांना शिकागोच्या उंच बिल्डिंगी दाखवून झाल्या, बाबा म्हणाले छान आहे, आणि परत फोनवर गावाकडच्या म्हशीची चौकशी. म्हणून हे ठरवलं. ओमाहाहून व्हॅलेंटाईन या चेरी काउंटीच्या मुख्य गावाला सरळ गेलात तर साधारण ३०० मैल पडतं, पण आम्ही प्लॅट नदीकडून वाकडी वाट करून गेलो आणि तुम्हीही तसंच जा, कारण मार्चमध्ये त्या नदीवर सँडहिल क्रेन उतरतात, म्हणजे क्रौंच पक्षी, ५ लाखांहून जास्त, जगातल्या एकूण सँडहिल क्रेनपैकी ८० टक्क्यांच्या वर. दिवसभर मक्याच्या कापलेल्या शेतांमध्ये सांडलेले दाणे वेचतात आणि रात्री नदीच्या उथळ पाण्यात पाय बुडवून उभे राहतात, उत्तरेकडे जाण्याआधी अंगावर चरबी चढवून घेतात. गिबन गावाजवळ ऑड्युबॉन या पक्षीसंवर्धन संस्थेची रोव सँक्चुअरी आहे तिथे पहाटेचं तिकीट मिळालं तर सोडू नका, पण ते लवकर संपतं. नाही मिळालं तरी शेतांच्या कडेच्या रस्त्यांवरून गाडीतून भरपूर दिसतात, फक्त गाडीतून उतरून त्यांच्या मागे जाऊ नका.

पुढे हायवे २ लागला की सँडहिल्स सुरू. हे नाव ऐकून वाळवंट डोळ्यांसमोर येतं पण आहेत त्या गवताने बांधून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, साधारण ५० हजार चौरस किलोमीटर, नेब्रास्काचा जवळपास पाव भाग. एकट्या चेरी काउंटीचं क्षेत्रफळ आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या दुप्पट आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपाच हजारांच्याही आत. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, हजार की लाख. माणसापेक्षा गाय कितीतरी पटीने जास्त असलेला मुलूख आहे हा.

आता वसंताचं. साईटवरचे फोटो सगळे जूनचे आहेत, हिरव्यागार टेकड्या आणि निळं आकाश, आणि ते बघून मार्चमध्ये गेलात तर पहिल्या दिवशी नक्की वाटेल की फसलो. टेकड्या तांबूस-पिवळ्या, झाडं उघडी, वारा असा की गाडीचं दार हातातून सुटतं. इथलं टेकडीवरचं बरंचसं गवत उशिराचं, लिटल ब्लूस्टेम वगैरे, ते मे महिन्याशिवाय हलत नाही. पण नजर जरा खाली घ्या. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट कुरणांमध्ये ओगालाला अ‍ॅक्विफरचं (जमिनीखालच्या मोठ्या जलसाठ्याचं) पाणी अगदी वर आलेलं असतं, तिथे आधी हिरवं फुटतं, आणि जुनं वाळकं गवत हाताने बाजूला केलं की मुळाशी बोटाएवढे कोंब दिसतात, लांबून काहीच कळत नाही. मालकीणबाईंनी वाकून दाखवलं म्हणून समजलं. त्यांनी हेही सांगितलं की या कोवळ्या हिरव्याची रँचवाल्यांना धास्तीसुद्धा असते, त्यात मॅग्नेशियम कमी मिळतं आणि नुकत्याच व्यायलेल्या, अंगावर वासरू पिणाऱ्या गाईला झटके येऊन ती पटकन दगावू शकते, म्हणून या दिवसांत मिनरलच्या टबमध्ये मॅग्नेशियम वाढवतात. बाबांना मिनरल मिक्श्चर माहीत होतं पण हे कारण नवीन होतं, त्यांनी त्या गोणीवरचा सगळा मजकूर मला वाचून दाखवायला लावला.

बाकीच्या खुणा तुम्हाला आपोआप दिसत जातात. काटेरी तारांना काळ्या केसांचे पुंजके लटकलेले, कारण गुरं हिवाळ्याचे जाड केस खांबांना घासून उतरवत असतात. पवनचक्कीखालच्या टाकीवर सकाळी पापुद्र्याएवढाच बर्फ, काठी लावली की फुटणारा. किलडिअर नावाचा पक्षी, आपल्या टिटवीच्याच गोतातला, गोठ्याजवळच्या चिखलात ओरडत पळतो. आणि मेडोलार्क! पिवळी छाती, त्यावर काळा व्ही, कुंपणाच्या खांबावर बसून इतकं मोठ्याने आणि गोड गातो की त्या एवढ्याशा पक्ष्यातून तो आवाज येतोय यावर विश्वास बसत नाही. नेब्रास्काचा राज्यपक्षी आहे तो. पहाटे अंधारात त्यांनी आम्हाला एका टेकडीवर प्लायवूडच्या टपरीत नेऊन बसवलं, तिथे प्रेअरी चिकन या गवताळ रानातल्या कोंबडीसारख्या पक्ष्याचे नर नाचायला येतात, मानेवरच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येतो तसला आवाज, आणि असे बरेच नर एकदम. थंडीने पाय बधिर झाले पण कोणीही निघूया म्हटलं नाही.

पण खरं सांगायचं तर हा स्टे घ्यायचा तो वासरांसाठी. ब्लॅक अँगस गाई आहेत यांच्या, काही काळ्या तोंडाच्या, काही हेरेफर्डच्या संकरातल्या पांढऱ्या तोंडाच्या. गाय सरासरी २८३ दिवसांनी विते, १० जूनला वळू कळपात सोडला की २० मार्चच्या आसपास पहिली वासरं, म्हणजे तिकडे दिवस-रात्र समान होतात आणि इकडे हे सुरू. म्हणून म्हणते मार्चचा शेवटचा आठवडा पकडा.

मोठ्या गाई बाहेर कुरणातच वितात, पण पहिलारू कालवडी गोठ्याजवळच्या वाड्यात ठेवतात आणि रात्री दर दोनेक तासांनी कोणीतरी टॉर्च घेऊन फेरी मारतं. पाहुण्यांना विचारतात, उठवू का? हो म्हणा. संध्याकाळी चारा टाकताना बाबा कुंपणाला टेकून एका कालवडीकडे बघत होते, शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे खड्डे पडलेले, कास तटतटलेली, म्हणाले, "ही काय सकाळपतोर थांबत न्हाई." मी मालकांना इंग्रजीत सांगितलं, त्यांनी बाबांकडे बघितलं, मान हलवली आणि तिला आत घेतली. मध्यरात्रीनंतर दारावर टकटक झाली.

जे बघितलं ते लिहिते कारण असं जवळून बघायला देणारं ठिकाण दुसरं मला माहीत नाही. आधी पुढचे दोन खूर बाहेर आले, मालकांनी टॉर्चच्या उजेडात तळवे कुठल्या बाजूला आहेत ते बघितलं, खाली होते म्हणजे वासरू सरळ आहे, वर असते तर बहुतेक उलटं. मग दोन खुरांवर टेकलेलं नाक, जीभ थोडी बाहेर. कालवड दमली होती, त्यांनी प्रत्येक पायाला साखळीचे दोन वेढे दिले, एक सांध्याच्या वर आणि एक खाली, म्हणजे जोर एका जागी येत नाही, आणि ती कळ देईल तेव्हाच ओढायचं, ती थांबली की आपण थांबायचं. खांदे सुटल्यावर बाकीचं सळकन आलं. वासरू निपचित. मालकीणबाईंनी एक गवताची काडी घेऊन त्याच्या नाकपुडीत फिरवली, ते शिंकलं, फुर्रकन सगळा चिकटा बाहेर, आणि छाती हलायला लागली. बेंबीला आयोडीन लावलं आणि आम्ही सगळे लांब झालो, कारण आता तिने चाटायला हवं. पाडी होती, ३५ किलोच्या आसपास. तासाभरात लटपटत उभी राहिली आणि सडाऐवजी आईच्या पुढच्या पायापाशी शोधत बसली, आम्ही सगळे मनातल्या मनात मागे, मागे म्हणत होतो. सापडलं एकदाचं. चीक पहिल्या काही तासांत पोटात जायलाच लागतो, वासराला आईच्या पोटात रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातूनच, आणि दिवसभरात आतड्याची ती शोषायची ताकदच संपते. नाही प्यायलं तर हे लोक नळीने पाजतात, त्यासाठी पावडर आणि बाटल्या फळीवर मांडून ठेवलेल्या असतात.

बाबांचा प्रश्न होता, "दूध कोण काढतंय यांचं?" कोणीच नाही. सगळं वासराचं. त्यांना ते फार आवडलं, वासराला पोटभर मिळतं म्हणाले. पण हेही स्वच्छ लिहायला हवं की ही मांसासाठीची गुरं आहेत, ही वासरं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विकली जातात, आणि ते कोणी लपवत नाही. ज्यांना हे सहन होणार नाही त्यांनी जाऊ नये, मला स्वतःला निघताना जड गेलं. तरीही या माणसांना एकेका वासरामागे रात्र-रात्र जागताना बघितलंय, ते विसरता येत नाही. २०१९ च्या १३-१४ मार्चला आलेल्या बॉम्ब सायक्लोनबद्दल, म्हणजे झपाट्याने जोर धरणाऱ्या वादळाबद्दल, मालक बोलले, आधी पाऊस, मग बर्फ, वारा, निओब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं तेच वादळ, ऐन विण्याच्या दिवसांत. त्या रात्रीबद्दल सांगताना ते मध्येच थांबले आणि पुढे बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

दोन गोष्टी इथे शिकलो त्या घरी जनावरं असणाऱ्यांनी जरूर वाचा. एक, चारा संध्याकाळी टाकायचा. कॅनडातल्या मॅनिटोबाचा गस कोनेफाल नावाचा पशुपालक होता, त्याने १९७० च्या दशकात दाखवलं की रात्री उशिरा खाऊ घातलं की बऱ्याच जास्त गाई दिवसाउजेडी वितात, आणि तेव्हापासून खूप जण करतात. दुसरं, वासरांची हगवण. नेब्रास्का विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी बसवलेली पद्धत आहे, सँडहिल्स काव्हिंग सिस्टिमच म्हणतात तिला. व्यायलेल्या गाई-वासरं हलवायची नाहीत, जिथल्या तिथे ठेवायची आणि उरलेल्या गाभण गाई दर आठवड्याला नव्या स्वच्छ कुरणात न्यायच्या. म्हणजे एका कुरणातली वासरं सगळी साधारण एका वयाची राहतात आणि थोराड वासरांनी वाढवलेले जंतू नवजातांना लागत नाहीत. औषध काही नाही, फक्त फाटकं उघडायची. आपल्याकडे एवढी कुरणं कुठून आणणार, पण लहान-मोठी वासरं एकाच दावणीला बांधू नयेत एवढं तर करता येईल, बाबांनी त्याच रात्री गावाला फोन करून सांगितलं.

भारतातून आई-वडील आलेले असतील तर हे महत्त्वाचं. बुकिंगनंतर मालकीणबाईंनी स्वतः फोन करून विचारलं की सासरे कधी आले, तिकडे गोठ्यात गेले होते का, कुठल्या चपला आणल्यात. कारण लाळ्या-खुरकूत. अमेरिकेत १९२९ नंतर हा रोग आलेला नाही आणि आपल्याकडे आहे, तेव्हा त्यांची काळजी रास्त आहे. जनावरांशी शेवटचा संपर्क येऊन निदान पाच दिवस तरी झालेले हवेत, गावाकडच्या वहाणा आणायच्या नाहीत, आणि विमानतळावर उतरताना शेतावर होतो हे खरं सांगायचं. तिथे पोचल्यावर गमबूट त्यांनीच दिले, औषधाच्या पाण्यात बुडवून. बाबा जरासुद्धा रागावले नाहीत, उलट म्हणाले असंच पाहिजे.

केबिन साधी, हीटर उत्तम, गरम पाणी भरपूर, गादी जरा जास्तच मऊ. वाऱ्याचा आवाज रात्रभर येतो. नेटवर्क जवळपास नाही. जेवण त्यांच्याच टेबलावर, आम्ही बीफ खात नाही हे आधी कळवलं होतं तर आमच्यासाठी बीन्सची चिली वेगळ्या भांड्यात केली आणि सोबत गरम सिनॅमन रोल, ही जोडी इकडे शाळेच्या डब्यापासून चालत आलेली आहे आणि खरंच जमते. आम्ही नेलेला ठेचा मुलाने ब्रेडला लावून संपवला. मी तरी ज्वारीचं पीठ सोबत नेईन पुढच्या वेळी, बाबांना भाकरी लागतेच, आणि स्वयंपाकघर वापरायला देतात.

आता तक्रार. बुकिंग साईटने साफसफाईचे वेगळे पैसे शेवटच्या पानावर लावले, बर्फाचं वादळ आलं तर पैसे परत मिळतील का याचं सरळ उत्तर दिलं नाही, आणि या दिवसांत इथे काय दिसतं याचा एक शब्द नाही. रँचवाल्यांशी थेट बोललात तर हे तिन्ही प्रश्न सुटतात, तारीख पुढे ढकलायला ते तयार असतात असं त्यांनीच सांगितलं.

कोणी जाऊ नये? ज्यांना कार्यक्रम आखून हवा त्यांनी. इथे घोडेस्वारी नऊ वाजता, असं काही नसतं, गाय अडली की तुमचा नाश्ता उशिरा होणार. लहान मुलं न्या पण वासराजवळ आईला विचारल्याशिवाय, म्हणजे मालकीणबाईंना विचारल्याशिवाय जाऊ देऊ नका, नव्याने व्यायलेली गाय अंगावर येते. पांढरे बूट नको, गोठ्यापुढे चिखल घोट्याच्या वर. पेट्रोल थेडफर्डला किंवा व्हॅलेंटाईनला भरून घ्या. चेरी काउंटीच्या पश्चिम भागात घड्याळ एक तास मागे जातं, कुठल्या वेळेने पोचायचं ते विचारून ठेवा. आणि जानेवारीतच फोन करा, संध्याकाळी चारा टाकून झाल्यावर, तेव्हा ते निवांत बोलतात.