झेल्डा की असॅसिन्स क्रीड?
वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या आम्हा मराठी पोरांमध्ये या दोन व्हिडिओ गेम मालिकांवरून हा वाद नेहमी रंगतो. माझ्या मते आधी बघावं ते मालिका कोणाच्या हाती आहे.

झेल्डाची सूत्रं कित्येक वर्षं निर्माते एइजी आओनुमा यांच्याकडे आहेत. मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम २०१५ मध्ये यायचा होता, आला २०१७ मध्ये. आओनुमा आणि दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी मालिकेचा ठरलेला क्रमच मोडला: सुरुवातीचं पठार ओलांडलं की थेट शेवटच्या शत्रूवर चालून जा. डोंगर दिसला, चढा. गवत पेटवलं की गरम हवेवर तरंगत वर जाता येतं. नियम मोजकेच, पण एकमेकांत गुंतलेले. खेळाडूवर एवढा विश्वास टाकायला हिंमत लागते! पुढचा मोठा भाग २०२३ मध्ये आला, घाई नाहीच.

असॅसिन्स क्रीडचे सुरुवातीचे क्रिएटिव्ह डायरेक्टर पात्रिस देझिले २०१० मध्ये ती बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीतून बाहेर पडले. २००९ ते २०१५ दरवर्षी मुख्य भाग निघत राहिला. २०१४ च्या 'युनिटी' या भागातल्या बग्जबद्दल, म्हणजे तांत्रिक चुकांबद्दल, कंपनीला माफी मागावी लागली. २०१६ मध्ये विश्रांती, मग 'ओरिजिन्स'. त्यातलं इजिप्त देखणं आहे, पण नकाशावरची चिन्हं सतत बोट धरून नेतात.

एकाचेच पैसे जमले असतील, तर झेल्डा घ्या.